अनुभव धागा: ब्रिटनमधल्या मोठ्या राउंडअबाउटवर गाडी कशी चालवता?

महाराष्ट्रातून इंग्लंडात आलं की स्टिअरिंग उजवीकडेच असतं, गाडीही डाव्या बाजूनेच हाकायची असते आणि भारतातल्या लायसन्सवर पहिले 12 महिने चालवताही येते. म्हणून कित्येक जण सरावाशिवाय थेट तीन-चार लेनच्या राउंडअबाउटवर (म्हणजे आपल्याकडच्या सर्कलवर) जातात. इथे रोज चालवणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी नेमकं काय करायचं ते लिहावं. किस्से नकोत, कृती हवी.

रेडिंगवासी
लेन ठरवायची ती राउंडअबाउटवर पोचण्याआधी. अलीकडचा मोठा फलक नकाशासारखा वाचा: आपण घड्याळातल्या 6 वर उभे आहोत असं धरा. आपला रस्ता 12 च्या आत किंवा 12 वरच फुटत असेल तर डावी लेन, 12 च्या पुढे असेल तर उजवी. पण रस्त्यावर बाण किंवा रस्त्याचा क्रमांक रंगवलेला असेल, तर घड्याळ विसरा, रंगवलेलं पाळा.

इंडिकेटर: पहिल्याच रस्त्याला वळायचं तर आधीपासून डावा. सरळ जायचं तर आत शिरताना कुठलाच नाही. उजवीकडे जायचं तर आधीपासून उजवा. बाहेर पडताना मात्र सगळ्यांनाच डावा द्यायचा असतो, आणि तो आपल्या आधीचा रस्ता मागे पडला की लगेच. त्याआधी दिलात तर त्या आधीच्या रस्त्यावर थांबलेला माणूस तुम्ही तिथेच वळताय असं समजून गाडी पुढे काढतो.

दुसरा_गिअर
शिरताना प्राधान्य उजवीकडून येणाऱ्याला. हा नियम ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 1966 पासून आहे. त्याआधी शिरणारे घुसत राहायचे, त्यामुळे आतल्यांना बाहेर पडता येईना आणि अख्खा गोल जाम व्हायचा. आपल्याकडच्या सर्कलला संध्याकाळी जे दिसतं, तेच.

गोलात शिरण्याआधीच्या तुटक रेषेपाशी येताना वेग ताशी 15–20 मैलांवर, दुसरा गिअर. फट दिसली तर त्याच गिअरमध्ये निघा, नाहीतर थांबून पहिला. इथली सगळ्यात नेहमीची धडक मागून बसते. पुढची गाडी निघते, मागचा उजवीकडे बघत ‘आता मोकळं आहे’ म्हणून क्लच सोडतो, तेवढ्यात पुढच्याने विचार बदलून ब्रेक मारलेला असतो. म्हणून उजवीकडे कितीही बघा, पण चाक हलायच्या आधीची शेवटची नजर समोर हवी. मान थोडी पुढे-मागेही करा, गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड अख्खी मोटरसायकल लपते.

डिपरचंही सांगतो. आपल्याकडे डिपर म्हणजे ‘मी येतोय, थांब’. इथे बरेच जण तो ‘तू जा’ म्हणून देतात. नियमाप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच की ‘मी इथे आहे’. कुणी दिला म्हणून निघू नका, आणि स्वतः देऊही नका.

मागची_सीट
आतल्या लेनमधून बाहेर पडणं शिरण्यापेक्षा अवघड. क्रम असा: आधीचा रस्ता मागे पडला, डावा आरसा, डावा इंडिकेटर, डाव्या खांद्यावरून एक झटकी नजर, मग बाहेर. शेजारच्या गाडीच्या इंडिकेटरपेक्षा तिच्या पुढच्या चाकाकडे लक्ष ठेवा. गाडी सरकायच्या आधी चाक वळतं. बाजूला कुणी असेल आणि जागा देत नसेल तर आणखी एक फेरी मारा. ड्रायव्हिंग टेस्टमध्येसुद्धा रस्ता चुकल्याबद्दल नापास करत नाहीत, शेवटच्या क्षणी लेन कापलीत तर करतात.

मोजण्यातली चूक मोटरवेच्या जंक्शनवर होते. नॅव्हिगेशन ‘तिसरी एक्झिट’ म्हणतं तेव्हा मोटरवेवरून वर येणारा रस्ता मोजायचा नसतो, कारण त्यातून फक्त आत येता येतं. आकडा मोजण्यापेक्षा रस्त्याचा क्रमांक धरून चला.

सोळाचाकी
मोठा ट्रक दोन लेन घेतो, कारण वळताना ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. फिरताना ट्रेलर उजवीकडे दाबतो, बाहेर पडताना डावीकडे. त्यामुळे शेजारी कुठेच उभं राहू नका, मागे राहा. युरोपातून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याला उजवीकडची छोटी गाडी दिसतच नाही. त्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

सायकलवाला उजवीकडे जायचं असूनही डाव्या लेनमधून पूर्ण फिरू शकतो. त्याला ओलांडून त्याच्यासमोरून डावीकडे बाहेर पडू नका.

विल्टशायरहून
स्विंडनच्या मॅजिक राउंडअबाउटची (1972) धास्ती घेऊ नका. पाच छोटे राउंडअबाउट एका मधल्या गोलाभोवती आहेत. छोटे घड्याळाच्या दिशेने, मधला उलटा. पूर्ण चित्र डोक्यात बसवायला गेलात तर गोंधळाल. प्रत्येक छोटा गोल वेगळा समजा, तिथल्या तुटक रेषेपाशी उजवीकडे बघा, मग पुढचा.

मस्कतकर
ब्रिटनहून सुट्टीवर ओमानला किंवा दुबईला येऊन गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी: इथे सगळं आरशातल्यासारखं उलटं. गोल घड्याळाच्या उलट दिशेने, प्राधान्य डावीकडून येणाऱ्याला, बाहेर पडताना उजवा इंडिकेटर. मान सवयीने उजवीकडे जाते आणि तिकडून कुणीच येत नसतं. पहिले दोन दिवस शेजारी बसलेल्याने प्रत्येक गोलाआधी मोठ्याने ‘डावीकडे बघ’ म्हणावं.