पार्किंगचा घरफाळा आम्ही भरायचा आणि त्या जागेत दुकानं. दाद कुठं मागायची?

डबेवाल्या_वहिनी

नमस्कार मंडळी. शहराच्या दक्षिणेला महापालिकेची हद्द संपते, त्याच्या लगेच पलीकडच्या गावात आम्ही राहतो. पत्त्यात कोल्हापूर, केएमटीची बस दारात येते, पण घरफाळा ग्रामपंचायतीला. तीन मजली अपार्टमेंट, बारा फ्लॅट, 2013 साली ताबा मिळाला. खाली खांबांवर पार्किंग होतं. प्रत्येक खांबावर पिवळ्या रंगानं नंबर घातलेले, आमचा 7.

एके दिवशी बिल्डरनं पुढच्या बाजूला वीट लावली. विचारलं तर म्हणाला, सिमेंट ठेवायला तात्पुरतं करतोय. मग शटर बसलं, मग शेजारी आणखी एक. आता रस्त्याकडेला चार गाळे आहेत. मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, एक बेकरीवाला आणि चौथ्यात निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका इच्छुकाचं संपर्क कार्यालय. मोबाईलवाल्याचं शटर सकाळी वर गेलं की आत काउंटरच्या मागं खांब दिसतो, आणि त्याच्यावर तो 7 अजून तसाच आहे. त्यानं त्याच्यावर चार्जरच्या वायरी टांगल्यात.

बाराच्या बारा घरांच्या गाड्या आता रस्त्यावर. रस्ता मुळात अरुंद, दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की मधून जेमतेम एक रिक्षा जाते. घंटागाडी कोपऱ्यावरच थांबते, म्हाताऱ्या माणसांनी कचऱ्याचा डबा घेऊन तिथवर चालत जायचं. माझा धंदा डब्यांचा. दवाखान्यातल्या नर्स आणि शिकायला आलेली पोरं, यांचे डबे वेळेत पोचवावे लागतात. सकाळी मोपेड काढायला जावं तर पुढं कार, मागं कार, आणि हाक मारायची कुणाला हे माहीत नाही. पावसाळ्यात तर गाडी चिखलातच उभी. उद्या कुठं आग लागली तर बंब आत येणार कसा, हे मी प्रत्येक मीटिंगला विचारते.

आता मुख्य गोष्ट. पोराच्या शिक्षणकर्जासाठी बँकेनं घराचा उतारा मागितला म्हणून नमुना 8 काढला. त्यात फ्लॅटच्या क्षेत्राखाली वेगळी ओळ आहे, पार्किंग, आणि त्याच्यावर आकारणी लावलेली. म्हणजे इतकी वर्षं त्या जागेचा फाळा मी भरतेय. गाळ्यांचं काय म्हणून क्लार्कना विचारलं. त्यांनी वही उलटून बघितली आणि म्हणाले, गाळ्यांची नोंदच नाही. एका भिंतीच्या आत माझं पार्किंग कागदावर आहे आणि दुकान प्रत्यक्षात आहे.

आमच्या वॉर्डातल्या सदस्यांकडं गेले. म्हणाले, वहिनी, मिटवून घेऊ, बिल्डर आपलाच माणूस आहे. दुसऱ्या गटाकडं गेले तर ते म्हणाले, निवडणूक होऊन जाऊ दे, मग बघू. त्यांचं पत्रक परवा दारात पडलं. त्यात "अंतर्गत रस्ते, गटर व पार्किंगचा प्रश्न कायमचा मार्गी लावणार" असं छापलंय. ते पत्रक वाटलं आमच्याच पार्किंगमधल्या कार्यालयातून. वर कोपऱ्यावरच्या "येथे वाहने लावू नयेत" या पाटीवर वाढदिवसाचा डिजिटल फलक लागलाय, त्यामुळं पाहुण्यांच्या गाड्याही आमच्याच दारात.

मला कुणाचं दुकान बंद पाडून आनंद होणार नाही. पण जागा आमची आहे, फाळा आमचा आहे. अर्ज कुणाकडं करायचा, ग्रामपंचायत की आणखी कुठं? आणि भरलेल्या फाळ्याचं काय? जाणकारांनी नीट सांगावं.

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, तुम्ही उतारा काढलात हे फार बरं केलंत. निम्मी माणसं पावती बघतात आणि उतारा बघतच नाहीत. पावती म्हणजे नमुना 10, त्यावर नुसती रक्कम असते. कशावर किती आकारलं हे नमुना 8 मध्येच कळतं.

आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे समोर बसून बोलता येईल. 2015 च्या नियमदुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीचा फाळा भांडवली मूल्यावर निघतो. क्षेत्रफळ, रेडीरेकनरचा (सरकारनं ठरवलेला जागेचा) दर, इमारतीच्या वयानुसार घसारा म्हणजे घट, आणि वापराचा भारांक म्हणजे वापर बघून लावायचा गुणक, असं सगळं त्यात येतं. वापर दुकानाचा असेल तर भारांक राहत्या घरापेक्षा जास्त. म्हणजे ते चार गाळे नोंदवले असते तर गावाला त्या जागेचे तुमच्यापेक्षा जास्त पैसे मिळाले असते. नोंद नाही म्हणून गावाचं नुकसान आणि तुमचंही. हा मुद्दा अर्जात पहिल्यांदा लिहा. "माझ्यावर अन्याय" एवढंच लिहिलं की अर्ज फायलीला लागतो. "ग्रामपंचायतीचं उत्पन्न बुडतंय" असं लिहिलं की ऑडिटला उत्तर द्यायला लागतं, म्हणून त्याच्यावर कुणीतरी सही करतं.

आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं होते. त्या वेळी यादी लावून हरकती मागवतात, पण मधल्या काळात वापर बदलला असेल तरी दुरुस्तीचा अर्ज देता येतो. अर्ज ग्रामपंचायतीत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. आकारणीविरुद्ध अपील पंचायत समितीकडं जातं, तुमचं गाव करवीर तालुक्यात असेल तर करवीर पंचायत समिती. त्यामुळं अर्जाची पोच जपून ठेवा, पुढं तीच लागते.

सोबत माहितीचा अधिकार टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागा काय? तुमच्या मिळकत नंबरच्या इमारतीची नमुना 8 ची सगळी पानं, आणि गाळ्यांना ना-हरकत दाखला दिला असेल तर त्याची प्रत. वीजमीटर कुणाच्या नावानं आणि कुठल्या कागदावर मिळाला तेही शोधा. गाळ्याला व्यापारी मीटर असेल तर कुणीतरी कुठलातरी कागद दिलेला असणारच.

आणि एक, ग्रामसभा. गणपूर्ती 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यातलं जे कमी असेल ते. तुमची बारा घरं, शेजारच्या दोन अपार्टमेंट, एवढ्यांनी ठरवलं तर विषय पटलावर येतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथं हा विषय तुम्ही मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी बोललेलं कुणी ऐकत नाही, हे मी खुर्चीत बसून बघितलंय.

शाहूपुरीतला_वकील

वहिनी, काकांनी फाळ्याचं सगळं सांगितलं. जागेचं मी सांगतो, कारण फाळा दुरुस्त झाला म्हणून शटर उठत नाही. उलट सावध राहा. गाळ्यांची फाळ्यात नोंद झाली की बिल्डर तोच उतारा नाचवत म्हणेल, बघा, ग्रामपंचायतीनं मान्य केलं. नमुना 8 हा मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम कायदेशीर असल्याचाही नाही. तुमच्या अर्जात हे वाक्य घालाच: "ही नोंद घेतल्यानं अनधिकृत वापर नियमित होत नाही."

दुसरं. खांबांवरची पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात हे स्पष्ट केलंय, आणि प्रकरण महाराष्ट्रातलंच आहे. ती सामाईक जागा. त्यामुळं एक गोष्ट तुम्हाला कडू लागेल, पण सांगतो: 7 नंबर "तुमचा" असं म्हणत बसू नका. ती जागा बाराही घरांची आहे आणि वाटप सोसायटीनं करायचं. एकट्याच्या नंबरावर भांडलात तर बिल्डर तुम्हाला मागच्या बाजूला एक जागा देऊन गप्प करेल आणि बाकीचे अकरा तुमच्यापासून तुटतील.

सोसायटी रजिस्टर आहे का? अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर, झालंय का? नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो, बिल्डरची सही लागत नाही. जमीन बिल्डरच्या नावावर आहे तोवर तो खालची जागा स्वतःचीच समजणार.

वापर बदलाची तक्रार मात्र ग्रामपंचायतीत नको. 2017 पासून शहराभोवतालची 42 गावं कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरणात आहेत. तुमचं गाव त्यात असेल तर तक्रार तिथं द्या. मंजूर नकाशाची सही-शिक्क्याची प्रत काढा. परवानगी 2017 च्या आधीची आहे, तेव्हा नकाशा नगररचना किंवा महसूलकडं निघेल. नकाशात जिथं पार्किंग दाखवलंय तिथं आज शटर आहे, हे दोन फोटो आणि एक नकाशा एवढ्यावर दिसतं. विनापरवाना बदलावर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा 1966 च्या कलम 53 खाली नोटीस निघते, चालू असलेलं विनापरवाना काम थांबवायला कलम 54.

शटरवाला

वाईट वाटून घेऊ नका, पण दुसरी बाजूपण ऐका. माझंपण असंच एका अपार्टमेंटखाली दुकान आहे, तुमच्या गावात न्हाई. डिपॉझिट दिलंय, दर महिन्याला भाडं देतोय, अकरा महिन्यांचा करार आहे. घेताना बिल्डरनं सांगितलं सगळं ओके आहे. आम्हाला नकाशा कुठला दाखवतोय कोण? नोटीस आली तर पहिल्यांदा सामान रस्त्यावर आमचं येणार, बिल्डर डिपॉझिट परत देणार न्हाई. वहिनी, अर्ज करताना भाडेकऱ्यांशीपण एकदा बोला. आमच्यातली बरीच जणं डिपॉझिट सुटलं तर दुसरीकडं जायला तयार असतात. भाड्याच्या पावत्या आमच्याकडं असतात, त्यावर बिल्डरचीच सही असती. तुम्हाला त्या उपयोगी पडतील.

हद्दवाढ_झालीच_पाहिजे

मूळ दुखणं वेगळंच आहे. 1972 ला महापालिका झाली, पन्नास वर्षं उलटून गेली तरी हद्द वाढली नाही. उपनगरं बाहेर फुगत गेली, तिथं ना पार्किंग, ना रस्ते. गावं हद्दीत आली असती तर हा प्रकार झालाच नसता.

डबेवाल्या_वहिनी

दादा, हद्दवाढ व्हावी की न व्हावी यावर आमच्या जिन्यातच बारा मतं आहेत, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं मला पटतं. पण शहरात जिथं सगळी खाती आहेत, तिथंसुद्धा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये दवाखाने, क्लास, गोडाऊन मी डबे देताना रोज बघते. शटर बसलं त्या दिवशी कुणी बघायला आलं नाही, हे दोन्हीकडं सारखंच आहे. म्हणून मला हद्दीची वाट बघायची नाही.

वकीलदादा, तुम्ही म्हणालात ते लागलं खरं, पण पटलं. सोसायटी रजिस्टर आहे, अभिहस्तांतरण झालेलं नाही. काल रात्री सगळ्यांना आमच्या हॉलमध्ये बोलावलं, चहा-पोहे केले. दहा घरं आली. पहिल्या मजल्यावरच्या काकांचा पुतण्या त्या इच्छुकाबरोबर फिरतो, त्यामुळं ते सही करणार नाहीत असं वाटलं होतं. त्यांनी पहिली सही केली. म्हणाले, माझी चारचाकी चार वर्षं उन्हात उभी आहे, पुतण्या त्याचं बघून घेईल. नंबरांचा विषय मीच काढून टाकला. अर्जात "सामाईक पार्किंग" एवढंच लिहिलंय.

शटरवाले भाऊ, मोबाईलवाल्या पोराशी बोलले. चंदगडकडचा आहे, दोन वर्षांचं डिपॉझिट अडकलंय त्याचं. भाड्याच्या पावत्यांचे फोटो त्यानं स्वतःहून पाठवले. त्याचे पैसे त्याला परत मिळावेत, हे आम्ही बिल्डरला द्यायच्या पत्रात वेगळं लिहिणार आहोत. त्याच्यावर आमचा राग नाही.

संपर्क कार्यालयात पण गेले होते. आत फोटोला हार, खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर वॉर्डाचा नकाशा. मी म्हटलं, साहेब, पत्रकात पार्किंगचा प्रश्न सोडवणार म्हटलंय, तर सुरुवात या गाळ्यापासून करा. भाडेकरार संपेपर्यंत थांबा म्हणाले. करार कधी संपतो विचारलं तर मतदानानंतर. मी ते तिथंच लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

काका, एकच विचारायचं राहिलं. फाळा दुरुस्तीचा अर्ज सोसायटीच्या नावानं द्यायचा की प्रत्येकानं वेगळा?

निवृत्त_ग्रामसेवक

दोन्ही द्या. आकारणी प्रत्येक फ्लॅटवर वेगळी आहे, त्यामुळं पार्किंगची ओळ कमी करायचा अर्ज आणि पुढचं अपील ज्याचं त्यानं करायचं. गाळ्यांची नोंद घ्या आणि वापराची तपासणी करा, हा अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, ठराव जोडून. आधी भरलेले पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका. पुढच्या मागणीत वळते करून द्या असं मागा, ते ग्रामपंचायतीला सोपं पडतं. आणि चालू वर्षाचा फाळा अडवून धरू नका. "हरकत राखून भरला" असं पत्र देऊन भरा, नाहीतर उद्या तुमचंच नाव थकबाकीदारांच्या यादीत लागेल आणि ग्रामसभेत तुम्ही उठून बोलायला लागलात की तीच यादी वाचून दाखवतील.