निधीची सुरुवात दिवाळी अंकांपासून करूया

कॉलनीच्या वाचनालयासाठी निधी कसा उभारायचा, या चर्चेत घरोघरी जाऊन जुनी पुस्तकं गोळा करायची कल्पना कुणीतरी मांडली, ती चांगलीच आहे. पण वाचनालयाला खरी चणचण असते ती रोख पैशांची. बाइंडिंग, कपाटं, वीजबिल, ग्रंथपालाचं मानधन. हे रद्दीतल्या पुस्तकांतून कसं निघणार? क्रमिक पुस्तकं आणि गाइडं नकोत, हेही आधीच सांगून टाका, नाहीतर ढीग आवरण्यातच स्वयंसेवक दमतील.

माझ्या मते दिवाळी अंक योजनेने सुरुवात करावी. वीस-पंचवीस अंक घ्यायचे, सभासदांकडून एकरकमी वर्गणी, प्रत्येक अंकाला खाकी कव्हर, आत तारखांची चिठ्ठी आणि रविवारी सकाळी अदलाबदल. पैसे दिवाळीआधीच हातात येतात आणि लोकांना वाचनालयाचा उंबरा चढायची सवय लागते. पावती मात्र प्रत्येक रुपयाची फाडा, हिशेब फलकावर लावा. देणगीदार त्यावरच दुसऱ्यांदा देतो.

आपल्या नाशकात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातल्या, वाचकांपर्यंत जाणाऱ्या पुस्तकांच्या पेट्याही देणगीदारांच्याच जोरावर फिरतात. त्या मंडळींना एकदा भेटून या, पुष्कळ शिकायला मिळेल.

कव्हरांचा खाकी कागद माझ्याकडून.