ब्रुकनरची आठवी सिंफनी: दोन रेकॉर्डिंगचे शेवट वेगळे कसे?

खर्जप्रेमी
ऑस्ट्रियन संगीतकार आंतोन ब्रुकनरची आठवी सिंफनी (सी मायनर) दोन रेकॉर्डिंगमधून ऐकतोय. एकात पहिला भाग विझत विझत संपतो, दुसऱ्यात तोच भाग ब्रासच्या (पितळी वाद्यांच्या) दणदणाटात. मुखपृष्ठावर आवृत्तीचा उल्लेख नाही. खरी कुठली? आणि नुसत्या कानाने ओळखता येते का?

विलंबित
दोन्ही ब्रुकनरच्याच. दणदणाटाची 1887 ची. ती त्याने कंडक्टर हेर्मान लेव्हीला पाठवली, पण लेव्हीला ती उमगेना. त्या नकाराने ब्रुकनर खचला आणि मग सगळी सिंफनी पुन्हा लिहायला बसला. ती झाली 1890 ची आवृत्ती. हान्स रिश्टरने व्हिएन्नात 18 डिसेंबर 1892 ला पहिल्यांदा वाजवली ती हीच.

कानाची सगळ्यात पक्की खूण तुम्हाला सापडलीच आहे. 1890 मध्ये हॉर्न आणि ट्रम्पेट एकाच स्वरावर ठोके देत राहतात, मग सगळं कोसळतं आणि उरतो थीमचा एक तुकडा, दरवेळी आणखी क्षीण. ब्रुकनर या शेवटाला मरणाऱ्याच्या खोलीतलं घड्याळ म्हणायचा. तो ऐकल्यावर 1887 चा सी मेजरमधला जल्लोष पटत नाही. पुढे तीन भाग बाकी असताना विजय आधीच जाहीर होतो, मग फिनालेला (शेवटच्या भागाला) मिळवायचं काय?

दुसरी खूण अडाज्योत, म्हणजे तिसऱ्या, संथ भागात. कळसाला झांजा मोजा. 1887 मध्ये तीन आणि तीन अशा सहा, 1890 मध्ये फक्त दोन. स्केर्झोच्या (दुसऱ्या, वेगवान भागाच्या) मधल्या तुकड्यात, म्हणजे ट्रिओत, हार्प ऐकू आले तर 1890. जुन्या ट्रिओत हार्प नाहीत.

तारसप्तक
वरचं बरोबर, पण खरा घोळ 1890 च्या आतच आहे. त्याची दोन संपादनं चालतात: रोबेर्ट हास (1939) आणि लेओपोल्ड नोवाक (1955). हासने 1890 चा आधार घेतला आणि ब्रुकनरने काढून टाकलेल्या काही जागा 1887 मधून परत आणल्या. म्हणून हासची अडाज्यो 301 बारची (बार म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक घटक), नोवाकची 291. फिनाले हासमध्ये 747, नोवाकमध्ये 709. शेवट आणि झांजा दोन्हीकडे सारख्याच, त्यामुळे वरच्या खुणांनी हे दोन वेगळे कळणार नाहीत.

अडाज्योचा कळस यायच्या थोडं आधी कान द्या. मोठा चढाव तुटल्यावर दहा बारांची शांत जागा आली तर हास. नोवाकमध्ये ती जागाच नाही, सांधा अंगावर येतो. शास्त्र म्हणून हासचं मिश्रण पटणारं नाही, ब्रुकनरने अशी प्रत कधीच लिहिली नव्हती. तरी ते दहा बार गेले की अडाज्योचा श्वास तुटतो, हे माझं ठाम मत.

कालावधीवरून आवृत्ती ठरवू नका. कंडक्टर चेलिबिदाके नोवाकच वाजवतो, पण त्याच्या म्युनिकच्या रेकॉर्डिंगला शंभर मिनिटांहून जास्त लागतात.

खर्जप्रेमी
झांजा मोजल्या, सहा आणि दोन! मग सुरुवात कशाने करू? आणि आवाज सतत वरखाली करावा लागतो, त्याचं काय?

विलंबित
हाससाठी कारायान (व्हिएन्ना फिलहार्मोनिक, 1988), नोवाकसाठी जुलिनी (त्याच ऑर्केस्ट्रासह, 1984). 1887 ची आवृत्ती त्यानंतर ऐका, एलियाहू इनबालची फ्रँकफुर्टची घ्या. क्नापर्ट्सबुशची सध्या बाजूला ठेवा, तो 1892 ची छापील प्रत वाजवतो आणि तिच्यात इतरांचे हात लागलेत.

आवाजाची चूक सुरुवातीला होते. पहिले बार अगदी हलके, म्हणून आपण बटण वर नेतो आणि ब्रास आल्यावर घाबरून खाली आणतो. उलट करा: पहिल्या भागातली ते एकस्वरी ठोके येणारी जागा आधी लावा, तिथे जेमतेम सोसेल एवढा आवाज ठेवा, मग सुरुवातीला परत या आणि बटणाला हात लावू नका. सुरुवातीचे व्हायोलिन कुजबुजल्यासारखे ऐकू आले की बरोबर बसलं.