वेबवरचं कंटेंट टीव्हीच्या साच्यात घालायचं का?

रात्रपाळी_एडिटर: हल्ली जो तो यूट्यूबचे व्हिडिओ जोडून अर्ध्या तासाचा 'एपिसोड' करायला निघालाय, टायटल ट्रॅक काय, अँकर काय, ब्रेकच्या आधी उत्सुकता ताणणं काय. मला हे अजिबात पटत नाही. सात मिनिटांचा व्हिडिओ सात मिनिटांचा असतो कारण विषयच तेवढा असतो, तो २२ मिनिटांवर (जाहिराती वगळल्या की अर्ध्या तासात तेवढंच उरतं) न्यायचा म्हणजे पाणी घालणं आलं. 'क्वार्टरलाइफ' ही अमेरिकन मालिका घ्या, वेबवर साधारण आठ-आठ मिनिटांचे भाग होते, २००८ ला एनबीसी या टीव्ही चॅनेलने ते जोडून तासाचा कार्यक्रम केला आणि एकाच भागानंतर काढून टाकला.

साधा_प्रेक्षक: उदाहरण चुकलं राव. क्वार्टरलाइफची सुरुवातच टीव्हीच्या पायलटपासून (चाचणीसाठी केलेल्या पहिल्या भागापासून) झाली होती, ती वेबवर गेली आणि तिथून परत टीव्हीवर आली. 'ब्रॉड सिटी' ही अमेरिकन विनोदी मालिका बघ ना! २००९ ला दोन अभिनेत्रींनी वेबवर छोटे भाग करायला घेतले, २०१४ ला ती कॉमेडी सेंट्रल या टीव्ही चॅनेलवर आली आणि पाच सीझन चालली. जुने तुकडे चिकटवले नाहीत, पात्रं तीच ठेवून गोष्टी नव्याने लिहिल्या.

मोठा_स्क्रीन: +१. आणि सगळ्यांनाच काय बघू काय बघू करत स्क्रोल करायचं नसतं हो, दिवसभर दमलेल्या माणसाला कुणीतरी निवडून, क्रमाने लावून समोर ठेवलं तर हवंच असतं की.

आवाजवाली: करा, पण कामाचा अंदाज घेऊन करा. मोबाईलच्या शूटला फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) एकसारखा राहत नाही, एडिटिंगच्या लांब टाइमलाइनवर ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. उभं शूट आडव्या स्क्रीनवर टाकलं की दोन्ही बाजूंना ब्लर. ब्रॉडकास्टला युरोपात आवाजाची पातळी -२३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) लागते, वेबचा मिक्स (सगळे आवाज जुळवून केलेला ट्रॅक) त्याहून बराच मोठा असतो, म्हणजे मिक्स पुन्हा. आणि संगीताचे हक्क! फक्त ऑनलाइनचं लायसन्स असेल तर ते गाणं टीव्हीवर चालत नाही, मग अख्खा सीन पुन्हा एडिट करा.

रात्रपाळी_एडिटर: @साधा_प्रेक्षक पायलटचं मान्य, पण तुकडे जोडून तास होत नाही हे तर तूही म्हणतोयस ना. नव्याने लिहिणाऱ्यांशी माझं भांडणच नाही, फुटेज पडून आहे म्हणून एपिसोड पाडणाऱ्यांशी आहे. आणि लांबी सोडा, वेबवर लोक खाली लिहितात की हे चुकलं, ते अजून दाखवा, आणि पुढचा व्हिडिओ त्यावरच उभा राहतो. अख्खा सीझन आधीच शूट करून ठेवलात तर ते ऐकायचं कधी?

साधा_प्रेक्षक: मुद्दा बरोबर आहे, पण त्यासाठी फॉर्मॅट कशाला सोडायचा. रोजचे टॉक शो आदल्या दिवशीच्या प्रतिक्रिया घेतातच की. एकदम सगळं शूट करू नका, तीन भाग करा, दाखवा, लोकांचं ऐका, मग पुढचे तीन लिहा. खर्च वाढेल, सेट पुन्हा लावावा लागेल, पण चॅनेलशी बोलतानाच हे ठरवून घ्यायचं, नंतर कुणी ऐकत नाही.

आवाजवाली: आणि फायनल कट, म्हणजे शेवटच्या एडिटचा निर्णय, कुणाच्या हातात तेही त्याच बैठकीत लिहून घ्या.