मदत हवी आहे : ठाणे खाडीत संध्याकाळच्या बोटीने रोहित (फ्लेमिंगो) पाहायचेत, तिथी कोणती धरू?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. आईला (वय ६७, गुडघे दुखतात) मार्चमध्ये ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीतले फ्लेमिंगो दाखवायचेत. दुपारचं ऊन तिला सोसत नाही, म्हणून संध्याकाळचीच फेरी हवी.

हे डोक्यात आलं उजनी धरणामुळे. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात धरणाच्या पाण्याकाठी भिगवणला गेलो होतो. नावाड्याने इंजिन बंद करून बांबूने नाव हळूहळू पुढे रेटली. पंधरा-वीस पावलांवर रोहित उभे होते, पायांनी चिखल ढवळत, चोच उलटी करून पाणी गाळत. आई एकदम म्हणाली, "डोकं खाली घालून जेवायलेत की रे हे!" परतताना गाडीत तिने विचारलं, खाडीत याच्याहून जास्त असतात म्हणे, ते कधी दाखवशील? उजनीवर आम्हाला दिसले ते मोठे रोहित. ठाणे खाडीत छोटे रोहित हजारोंनी उतरतात, रंगाने जास्त गुलाबी. तिला ते बघायचेत.

गेल्या वर्षी कोकणात एक फसलेला प्रयत्न झाला. डॉल्फिन दाखवतो म्हणून एका बोटवाल्याने साडेचारला समुद्रात नेलं. वारा वाढलेला, लाटा उसळत होत्या, डॉल्फिनचं पातं एकदाही दिसलं नाही आणि आईला उलट्या झाल्या. नंतर किनाऱ्यावरच्या एका आजोबांनी सांगितलं, दुपारनंतर खारा वारा सुटतो, डॉल्फिनसाठी सकाळीच निघायचं असतं. हे आधी कोणी सांगितलं असतं तर तिचे हाल झाले नसते. म्हणूनच यंदा आधी विचारतोय. खाडीत तशा लाटा नसतात ना?

आता मुख्य अडचण, भरतीची. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो, बोट चालत नाही, म्हणून फेऱ्यांच्या वेळा भरतीवर ठरतात आणि रोज बदलतात, एवढं कळलंय. दाते पंचांग आमच्या सोलापूरचंच, ते घरात रोज उघडलं जातं. आईनेच ते घेऊन हिशोब मांडला: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. म्हणजे संध्याकाळची बोट हवी तर षष्ठी ते अष्टमी. पण अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती) असतो, पाणी उधाणाइतकं (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीइतकं) चढत नाही.

जाणकारांनो, इथे अडलोय. भांगाच्या भरतीला चिखलाचा थोडा पट्टा उघडा राहून पक्षी तिथेच चरत बसतात, की पाणी कमी म्हणून बोटच त्यांच्यापासून लांब थांबते? उधाणाला पक्षी कुठेतरी एका जागी गोळा होऊन बसतात असं ऐकलंय, मग तेच जास्त चांगलं का? पण पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, ते ऊन आईला झेपणार नाही.

दुसरं उजेडाचं. ऐरोली खाडीच्या पूर्वेला, फ्लेमिंगो अभयारण्य पश्चिमेच्या बाजूला. संध्याकाळी सूर्य समोर येणार, मग गुलाबी रंग दिसतो की नुसत्या काळ्या आकृत्या? मला फोटोंचं फारसं नाही, पण आईला तो रंग दिसायलाच हवा. तिची नजर आता थोडी कमी झालीय. बोट ऐरोलीच्या काठाकडून जात असेल तर कुठल्या बाजूला बसवू?

तिसरं, बोटीत चढणं-उतरणं. परत येईपर्यंत पाणी उतरलं तर धक्क्यावरून बोटीत किती खाली पाय टाकावा लागतो? धरायला कठडा आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला कोणी नेलं असेल तर कृपया नीट सांगा, माझ्यासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

जायचं सिद्धेश्वर एक्स्प्रेसने, रात्री बसून सकाळी ठाण्याला. दिवसभर डोंबिवलीला मावसभावाकडे विश्रांती, दुपारी ऐरोली. षष्ठी धरली तर अंधाराआधी बोटीवरून उतरून त्याच रात्रीची परतीची गाडी सावकाश मिळेल. अष्टमीला धावपळ होईल असं वाटतं.

आई सप्तमीवर अडून बसलीय. तिकिटं या रविवारी काढायचीत, त्याआधी कोणी सांगू शकलं तर फार उपकार होतील.