सोसायटीतलं पावसाचं पाणी : मोठा पाइप की शोषखड्डे?

ओढाकाठ
पुण्यात आंबिल ओढ्याजवळ आमची २४ घरांची जुनी सोसायटी आहे. पाऊस जोरात झाला की पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचतं. कमिटी म्हणते, सगळं आवार काँक्रीट करू आणि मोठा पाइप ओढ्यात सोडू. मला शोषखड्डे हवेत, पण "खर्च वसूल कसा होणार?" म्हटलं की माझ्याकडे उत्तर नसतं. गच्ची ५०० चौ. मी., आवारही तेवढंच. बोअरचं पाणी मार्चमध्ये आटतं. रविवारी सभा आहे, कृपया सांगा.

अरण्येश्वरकर
पाइप ओढ्यात नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला तेव्हा आमची भिंत शाबूत होती, तरी जिन्याची तिसरी पायरी बुडाली. ओढा भरल्यावर पाणी पावसाळी लाइनीतून उलटं आलं, चेंबरचं झाकण उचलून.

मोजपट्टी
हिशेब मांडून जा. हजार चौ. मी. वर तासात ५० मिमी पडला तर ५० हजार लिटर. दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यात खडी भरल्यावर जेमतेम तीन हजार लिटर मावतं. त्यामुळे खड्ड्याने पार्किंग कोरडं राहील असं सांगून पैसे मागू नका, पहिल्याच पावसात विश्वास उडेल.

पार्किंगमध्ये पाणी साचू नये म्हणून बागेची माती काँक्रीटपासून वाचवा. १०० चौ. मी. जागा फूटभर खोलगट केली की ३० हजार लिटर तिथे थांबतं, आणि खर्च फक्त खोदाईचा. इमारतीच्या पायापासून मात्र लांब.

बोअरचा हिशेब वेगळा. पुण्याचा पाऊस साधारण ७०० मिमी धरला, तर साधारण पाचवा भाग वाया जाईल असं धरूनही गच्चीवरून बोअरमध्ये सोडायला वर्षाला पावणेतीन लाख लिटर मिळेल. सगळं तुमच्याच बोअरला लागेल असं नाही, कातळातल्या भेगा कुठे जातात त्यावर आहे. जागा आधी भूजलाच्या जाणकाराला दाखवा. पार्किंगचं तेलकट पाणी बोअरमध्ये अजिबात नको. फक्त गच्चीचं, गाळणीतून, तेही पहिल्या सरी वाहून गेल्यावर.

वाळूचाळण
देखभालीचा खर्चही धरा. आमचा खड्डा तिसऱ्या वर्षी पाणी घेईना. उघडला तर वरची वाळू सारवल्यासारखी घट्ट, खाली अशोकाची कुजलेली पानं. आता दर मे महिन्यात वरचा थर काढून धुतो. मिळकतकरात सवलत मिळते तीही मांडा.

ओढाकाठ
खूप आभार. म्हणजे रविवारी आधी बागेचं मांडते, बोअरचं त्यानंतर. तिथे दोन नारळ आहेत. मुळांशी दिवसभर पाणी थांबलं तर चालेल ना?

वाळूचाळण
दिवसभर चालेल. दुसऱ्या दिवशीही तुंबलेलं दिसलं तर तळ उकरून मुरूम मोकळा करा.