‘लाइक’, ‘सॉर्ट ऑफ’, ‘अँड स्टफ’: यांना अर्थ असतो का?

प्रश्न : अमेरिकन-ब्रिटिश लोकांच्या बोलण्यात ‘लाइक’, ‘यू नो’, ‘सॉर्ट ऑफ’ पावलोपावली येतं. कोशातला अर्थ लावायला गेलं की वाक्यच कोलमडतं. ही नुसती पालुपदं समजायची का?

– पालुपद एका माणसाचं असतं, हे तर अख्ख्या पिढीचं आहे! आणि प्रत्येकाचं काम वेगळं. सगळ्यात गमतीचा ‘लाइक’. ‘लाइक ट्वेंटी पीपल’ म्हणजे वीसेक माणसं, इथवर सोपं. पण ‘शी वॉज लाइक, नो वे!’ यात आवडीचा काही संबंध नाही. ‘ती म्हणे, छट्!’ एवढंच. ‘शी सेड’ म्हटलं की पुढचे शब्द तिचेच, असा साधारण समज असतो. ‘शी वॉज लाइक’नंतर मात्र नुसता उसासा टाकला, डोळे फिरवले तरी चालतं. सांगणारा तिची नक्कल करतोय, साक्ष देत नाहीये. अमेरिकेतल्या तरुणांची ही लकब 1980च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेत भरली. ती मुलं आता साठीकडे आली, तरी ‘लाइक’ सुटलेलं नाही.

– ‘लाइक’ म्हटलं की कॅलिफोर्नियाच्या मुलींचं नाव निघतं, पण सगळं खापर त्यांच्यावर फोडू नका. उत्तर इंग्लंडात आणि आयर्लंडात ‘इट्स कोल्ड, लाइक’ असं वाक्याच्या शेवटी लावायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे.

– मान्य. ‘सॉर्ट ऑफ’बद्दल मात्र सावध करतो, विशेषतः ब्रिटिश मंडळींबरोबर काम असेल तर. ‘इट्स सॉर्ट ऑफ नॉट वर्किंग’ हे ऐकून आपला माणूस समजतो, मधूनमधून चालतंय, उद्या बघू. प्रत्यक्षात ते ठार बंद पडलेलं असू शकतं. साहेब फक्त बोचू नये म्हणून बोलतोय. ‘आय वॉज सॉर्ट ऑफ वंडरिंग इफ यू कुड मेबी...’ ही तर सरळ विनंती, आपल्या ‘जरा जमलं तर बघाल का’च्या जातीची. ‘क्वाइट गुड’चंही तसंच : अमेरिकन म्हणाला तर खूश व्हा, ब्रिटिश म्हणाला तर बहुधा ‘ठीक आहे’.

– ‘सेव्हनिश’ (सातच्या सुमारास) मधला ‘इश’ हल्ली सुटा ऐकू येतो. ‘झालं का काम?’ ‘इश.’ म्हणजे झालं म्हणायचं! (आपलं लाजायचं ‘इश्श’ वेगळं.)

प्रश्न : आणि ‘अँड स्टफ’?

– चहाबिहा! ‘टी अँड स्टफ’ला याहून चपखल मराठी मिळणार नाही. बिस्किट, पोहे, जे असेल ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ‘ऑर व्हॉटेव्हर’मध्ये मात्र थोडी बेफिकिरी आहे आणि नुसतं ‘व्हॉटेव्हर’ म्हणजे तर ‘बरं, कर काय करायचं ते’. अमेरिकेतल्या मॅरिस्ट कॉलेजच्या 2009च्या पाहणीत लोकांनी संभाषणातला सर्वांत डोक्यात जाणारा शब्द म्हणून हाच निवडला. ‘थिंगी’, ‘व्हॉट्सिट’ हे आपल्या ‘ते हे दे ना’मधले ‘हे’.

– पण ‘अं... अं...’ तरी निरर्थक ना? भाषणाच्या वर्गात पहिलं तेच काढायला सांगतात.

– व्यासपीठावर काढा, गप्पांत राहू द्या. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली मांडलं की ‘अ’ हा छोट्या थांब्याची आणि ‘अम’ हा मोठ्या थांब्याची सूचना असते : अजून बोलतोय, मध्ये पडू नका. फोनवर याचा फार उपयोग होतो. नुसती शांतता पसरली की समोरचा ‘हॅलो, हॅलो’ सुरू करतो. आपल्याकडे ते काम ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ करतात, मराठी बोलतानासुद्धा. मला वैयक्तिक विचाराल तर त्यापेक्षा ‘अं’ बरा.

– जाता जाता : ब्रिटिश कादंबऱ्यांत हेच उच्चार ‘ई-आर’ आणि ‘ई-आर-एम’ असे छापतात. आपण ते ‘एर’, ‘अर्म’ असे वाचतो. तिथला ‘र’ उच्चारायचाच नसतो. आवाज तोच, ‘अ’ आणि ‘अम’.